भिंतीला वाचा फुटते तेव्हा...

गेल्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या रात्री आमच्या गावात नगरपालिकेच्या इमारतीवर 'शो' होता. दोन दिवस आधीपासून रिक्षा गावभर ओरडत फिरत होती. समोरच्या शाळेच्या गच्चीवर भलामोठा प्रोजेक्टर चढवला होता. अंधार पडला, रस्त्यावरचे दिवे बंद केले आणि बघता बघता इमारतीवर तिरंगा फडकायला लागला. मग खांब मेणासारखे वितळले, खिडक्यांतून पाणी ओघळलं, कमानीत किल्ला उभा राहिला, घोडे दौडत गेले. पोरं शिट्ट्या मारत होती. खोटं कशाला बोलू, मलाही आवडलं. कर भरायला जाऊन ज्या भिंतीसमोर आपण तासन् तास ताटकळतो, ती भिंत अशी नटलेली बघून गंमत वाटली.

घरी परतताना शेजारच्या काकू मात्र गप्प होत्या. फाटकाशी आल्यावर म्हणाल्या, "एवढी माणसं त्या भिंतीवर आली नि गेली. त्यात एक तरी बाई दिसली का गं?"

मी म्हटलं, "भारतमाता होती की!"

"ती देवी झाली. मी बाई म्हणतेय."

मैत्रिणींनो, काकूंचं ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. दुसऱ्या दिवशी मी भाचीला फोन केला. ती चित्रकलेचं शिक्षण घेते. ती म्हणाली, "मावशी, तू पाहिलंस ते प्रोजेक्शन मॅपिंग. पण याच तंत्रानं बायकांना बोलतं करणारा एक कलावंत आहे. तुला पाठवते, बघ." तिनं जे पाठवलं ते मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या बघायला लागले आणि दुधाकडे लक्ष राहिलं नाही. आज तुमच्याशी बोलायचंय ते त्याबद्दल. आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दलही.

आधी हे प्रकरण काय आहे ते साध्या शब्दांत सांगते. ब्लाऊज बेतण्याआधी आपण मापं घेतो ना, तशी इमारतीची मापं घेतात. खिडकी कुठं, खांब कुठं, कंगोरा कुठं, हे सगळं संगणकावर उतरवतात. मग त्या मापात चित्रफीत बेतून बसवतात. म्हणून खिडकीतूनच पाणी पडल्यासारखं वाटतं, भलतीकडून नाही. प्रकाशाची ताकद ल्युमेनमध्ये मोजतात. शाळेच्या वर्गात तीन-चार हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो, पण मोठ्या इमारतीला वीस-तीस हजारांचे, तेही एकापेक्षा जास्त लागतात. चुना फासलेल्या पांढऱ्या भिंतीवर चित्र छान उठतं. आपला काळा दगड प्रकाश गिळून टाकतो. सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे भिंतीला ओरखडासुद्धा पडत नाही. बटण बंद केलं की भिंत पुन्हा जशीच्या तशी.

इमारतींना रात्री बोलतं करण्याची कल्पना तशी जुनी आहे. फ्रान्समध्ये शाँबोरच्या राजवाड्यात १९५२ साली असा पहिला 'ध्वनी आणि प्रकाश' कार्यक्रम झाला. आपल्यापैकी ज्या कुणी अंदमानला जाऊन आल्या असतील त्यांनी सेल्युलर जेलमधला कार्यक्रम पाहिला असेल. तिथला पिंपळ बोलतो, कोठड्या उजळतात आणि अंगावर काटा येतो. पण हे सगळं राजेरजवाड्यांचं, शूरवीरांचं. ज्यांची नावं पुस्तकात आहेत त्यांचंच. काकूंचा प्रश्न होता तो पुस्तकात नसलेल्या बाईचा.

भाचीनं ज्या कलावंताचं काम पाठवलं त्याचं नाव क्शिश्तॉफ वोदिच्को. नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण माणूस समजून घेण्यासारखा आहे. त्याचा जन्म पोलंडमधल्या वॉर्सा शहरात १९४३ साली, ऐन महायुद्धात झाला. पुढे १९७७ मध्ये तो कॅनडात गेला आणि नंतर अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांत शिकवू लागला. सुरुवातीला तो मोठमोठ्या इमारतींवर आणि स्मारकांवर स्थिरचित्रं टाकायचा. १९८५ साली लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात नेल्सनच्या स्तंभावर त्याचं काम चाललं होतं. तिथंच दक्षिण आफ्रिकेच्या सरकारची इमारत आहे. त्या वेळी त्या देशात काळ्या माणसांना माणूस म्हणून वागवत नव्हते. यानं प्रोजेक्टर त्या इमारतीकडे वळवला आणि तिच्या कपाळावर नाझींचं स्वस्तिक उमटवलं. सुमारे दोन तासांनी पोलिसांनी ते बंद करायला लावलं. प्रकाशाला वजन नसतं म्हणतात, पण सरकारला तो जड जातो!

पुढे १९९६ मध्ये पोलंडमधल्या क्राकूव शहरात त्यानं नगरभवनाच्या जुन्या मनोऱ्यावर पहिल्यांदा हलती चित्रं आणि आवाज वापरले. ज्यांचं कुणी ऐकून घेत नाही अशी माणसं त्या मनोऱ्यावरून बोलली. नवऱ्याचा मार खाणारी एक बाईही त्यांत होती.

आणि मग आलं तिहुआना.

तिहुआना हे मेक्सिकोमधलं, अमेरिकेच्या सीमेला अगदी चिकटून असलेलं शहर. मेक्सिको सरकारनं १९६५ पासून सीमेवर परदेशी कंपन्यांना सवलती दिल्या. सुटे भाग बाहेरून आणायचे, इथं स्वस्त मजुरीत जोडायचे आणि तयार माल परत अमेरिकेत पाठवायचा. या कारखान्यांना तिथं 'माकिलादोरा' म्हणतात. तिहुआनात इतके टीव्ही जोडले जात की त्या गावाला टीव्हीची राजधानी म्हणायचे. हे काम करायला लांबलांबच्या खेड्यांतून मुली आल्या. बोटं बारीक, तक्रार कमी, पगार त्याहून कमी. आपल्याकडे एमआयडीसीत पॅकिंगच्या कामावर जाणाऱ्या मुली आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांपुढे येईल.

या गावात एक मोठं सांस्कृतिक केंद्र आहे. १९८२ मध्ये उघडलेलं. त्याच्या अंगणात एक प्रचंड गोल घुमट आहे, आत चित्रपटगृह. गावातले लोक त्याला लाडानं 'ला बोला' म्हणतात. स्पॅनिशमध्ये 'बोला' म्हणजे चेंडू. आपल्या मराठीत त्याचा अर्थ काय होतो, ते तुम्हीच बघा!

२३ आणि २४ फेब्रुवारी २००१. दोन रात्री कारखान्यात काम करणाऱ्या काही बायका त्या घुमटावरून बोलल्या. चित्रपटातल्यासारख्या नट्या नव्हेत, खऱ्या बायका. त्यांच्यासाठी डोक्यावर घालायचं एक खास उपकरण तयार केलं होतं. तोंडासमोर छोटा कॅमेरा, छोटे दिवे आणि माईक. बाईनं मान वळवली तरी कॅमेरा तिच्याबरोबर वळणार, म्हणून घुमटावर तिचा चेहरा स्थिर. आधीच गोल असलेला तो घुमट म्हणजे जणू तिचं डोकं. तीनमजली घराएवढा चेहरा, त्यावर थरथरणारे ओठ, आणि ध्वनिक्षेपकातून चौकभर घुमणारा तिचा आवाज. चौकात दीड हजारांहून जास्त माणसं उभी होती.

त्या काय बोलल्या? कामाच्या ठिकाणी झालेले अत्याचार. घरातली मारहाण. दारू. लहानपणी जवळच्याच माणसांनी केलेलं जे कधी कुणाला सांगितलं नाही ते. मला स्पॅनिश येत नाही, पण बोलता बोलता एक बाई थांबते, आवंढा गिळते आणि पुन्हा सुरू करते, ते कळायला भाषा लागत नाही. मी महिला समुपदेशन केंद्रात काम करते. तो आवंढा मी रोज ऐकते. आमच्या टेबलासमोर बसलेली बाई पदराचं टोक तोंडात धरून बोलते आणि पावलं वाजली की गप्प होते.

दिवसभर दुसऱ्यांच्या घरचे टीव्ही जोडणाऱ्या बायका. त्या पडद्यावर त्यांचा चेहरा कधीच येणार नव्हता. आणि एका रात्री गावातल्या सगळ्यात मोठ्या पडद्यावर तोच चेहरा! बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मनात आलं, आपल्याकडेही असं व्हायला हवं. नगरपालिकेच्या भिंतीवर झेंड्याबरोबर एक रात्र आमची.

पण लगेच दुसरं काहीतरी आठवलं आणि मी खुर्चीत बसले.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. केंद्रात एक बाई यायच्या. नवरा मारायचा. दोन वर्षं धडपडून त्या वेगळ्या राहायला लागल्या होत्या, पोळ्या लाटून दोन पोरं सांभाळत होत्या. आठ मार्चचा कार्यक्रम होता. मीच म्हटलं, "तुम्ही बोला ना स्टेजवर. तुमच्यामुळे दहा जणींना धीर येईल." त्या नको म्हणत होत्या. मी आग्रह केला. त्यांना मला नाही म्हणता आलं नाही. आम्ही त्यांना मदत केलेली होती ना! आज मला कळतं, तो आग्रह नव्हता, ती वसुली होती.

त्या बोलल्या. हॉल रडला. टाळ्या झाल्या, शाल-नारळ दिला, फोटो निघाले. आम्ही खूश. पंधरा दिवसांनी त्या केंद्रात आल्या. घरमालकानं खोली सोडायला सांगितली होती, "आमच्या दारात भानगड नको" म्हणून. मुलाला शाळेत पोरं चिडवत होती, तो जायलाच तयार नव्हता. दीर येऊन दारात शिव्या घालून गेला होता. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "ताई, तुमचा कार्यक्रम चांगला झाला. माझं मात्र सगळं पहिल्यापासून आलं."

आम्ही नवी खोली शोधून दिली, शाळेत जाऊन शिक्षकांशी बोललो. पण ते सगळं आधी करायला हवं होतं. कार्यक्रम आमचा होता, किंमत त्यांनी मोजली.

म्हणून तिहुआनाचा घुमट बघताना मला आता दोन गोष्टी एकदम दिसतात. तो भव्य चेहरा दिसतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गल्लीतून कामावर निघालेली तीच बाईही दिसते. घुमटावरचा चेहरा बटण दाबलं की विझतो. गल्लीतला विझत नाही.

कुणी म्हणेल, मग बोलूच नये का? घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला आणायची, असं आपल्या आज्या सांगायच्याच. मला ते मुळीच मान्य नाही. मार घरातच होतो, पण त्याचा आवाज भिंतीपलीकडे जातोच. शेजारी टीव्हीचा आवाज वाढवतात, इतकंच. भिंतीला कान असतात म्हणतो ना आपण? ते खरंच असतात. तोंड नसतं, एवढीच अडचण.

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात चार्ल्सटाउन नावाचा एक भाग आहे. तिथं कित्येक तरुण पोरांचे खून झाले, आणि कुणी केले ते गल्लीत माहीत असूनही कुणी पोलिसांना सांगत नव्हतं. गप्प राहायचं हाच तिथला कायदा. त्या वस्तीच्या मधोमध २२१ फूट उंचीचा ग्रॅनाइटचा स्तंभ आहे, १७७५ च्या स्वातंत्र्ययुद्धातल्या लढाईची आठवण म्हणून उभारलेला. सप्टेंबर १९९८ मध्ये वोदिच्कोनं त्या स्तंभावर कुणाला बोलतं केलं असेल? ज्यांची पोरं मारली गेली त्या आयांना. स्वातंत्र्याच्या स्तंभावर, आपल्याच वस्तीसमोर, आई बोलत होती. समोर उभ्या असलेल्यांना बातमी नवी नव्हती. पण सगळ्यांना ठाऊक असणं वेगळं आणि सगळ्यांसमोर ते म्हटलं जाणं वेगळं. हा फरक जिनं सोसलंय तिला बरोबर कळतो.

तेव्हा बोलायला हवंच. प्रश्न आहे तो कसं, कधी आणि कुणाच्या मर्जीनं.

याचं एक उत्तर मला हिरोशिमात सापडलं. १९४५ च्या अणुबाँबमध्ये तिथली एक घुमटाची इमारत सांगाडा होऊन उभी राहिली. ती तशीच जपली आहे. ऑगस्ट १९९९ मध्ये दोन रात्री या इमारतीखालच्या नदीकाठच्या भिंतीवर वोदिच्कोनं बाँबमधून वाचलेल्या माणसांचे आवाज ऐकवले. आणि चित्रात काय होतं? चेहरे नाहीत. फक्त हात. बोलता बोलता एकमेकांत गुंतणारे, रुमाल चुरगाळणारे हात. वर तो सांगाडा, खाली ते हात आणि त्यांच्या पुढे वाहणारी नदी. बघणाऱ्याला वाटावं, ती इमारतच हात पसरून बोलतेय. बोलणाऱ्यांत जपानी होते तसे, ज्यांचं दुःख जपानातही फारसं कुणी विचारलं नव्हतं ते कोरियनही होते.

चेहरा न दाखवताही माणूस पूर्ण दिसू शकतो, हे मला त्या हातांनी शिकवलं. आमच्या केंद्रातही तसंच असतं. बाई तोंडानं "सगळं ठीक आहे" म्हणते आणि हात बांगडी फिरवत राहतात. आम्ही हातांवर विश्वास ठेवतो.

दुसरं उत्तर आहे तयारीचं. या माणसाची कामं एका रात्रीची दिसतात, पण त्यामागे कित्येक महिने जातात. त्या बायकांना भेटायचं, पुन्हा पुन्हा बोलायचं, नको असेल ते गाळायचं. गावातल्या संस्था बरोबर असतात. म्हणजे बाई घुमटावर चढते तेव्हा पहिल्यांदा बोलत नसते. आधी खोलीत एकीशी बोललेली असते, मग चौघींशी, मग कॅमेऱ्याशी. पायरी पायरीनं. मी माझ्या बाईंना एकदम शेवटच्या पायरीवर उभं केलं होतं.

तिसरी गोष्ट आपल्या कायद्यातच आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचं संरक्षण करणारा कायदा २००५ मध्ये झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या १६ व्या कलमात सांगितलंय की दोघांपैकी कुणाची इच्छा असेल आणि न्यायाधीशांनाही गरज वाटली तर सुनावणी बंद दाराआड घेता येते. बलात्कार झालेल्या बाईचं नाव जाहीर करणं हा तर गुन्हाच आहे, आता तो भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमात येतो. म्हणजे कायद्यानंही हे मान्य केलंय की दार उघडं की बंद, याला महत्त्व आहे. मी एवढंच म्हणते की त्या दाराची किल्ली बाईच्या कनवटीला असावी. नवऱ्याच्या नको, सासूच्या नको आणि आम्हा समाजसेविकांच्याही नको.

खरं तर दगडाशी बोलणं आपल्याला कुठं नवं आहे? पहाटे जात्यावर बसलेली बाई काय करायची? माहेर, सासर, भाऊ, न झालेलं लेकरू, सगळं त्या जात्याला सांगायची. जातं फिरत राहायचं, चुगली करायचं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एक लाख! एवढं बोलल्यात आपल्या आज्या-पणज्या. तोंडाला कुलूप होतं असं कोण म्हणेल? फक्त ऐकायला दगड होता. आणि बोलावं की नाही, किती बोलावं, कुणासमोर बोलावं, हे त्यांचं त्या ठरवत होत्या. गिरणी आली, जातं गेलं आणि ती पहाटेची सोयही गेली.

आणि आज गावातल्या भिंतींवर कोण आहे? चौकात उभ्या राहून बघा. वाढदिवसाचे फ्लेक्स. भाऊ, दादा, साहेब, त्यांच्याभोवती टिकल्यांएवढे पंचवीस-तीस कार्यकर्ते. बाई असलीच तर नगरसेविका म्हणून, शेजारी तिच्याहून मोठा पतिराजांचा फोटो. रात्री शो असेल तर राजे आणि झेंडे. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्या इमारतीचा कर काकूही भरतात, मीही भरते, पोळ्या लाटणाऱ्या त्या बाईही भाड्यातून भरतात. मग भिंत आमची नाही का?

बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. सरकारनं समिती नेमली, अहवाल झाला. अहवाल कपाटात राहतो, कपाटाला कुलूप असतं. एखाद्या संध्याकाळी कोयता धरणारे ते हात गावच्या भिंतीवर आले असते, आणि त्या बाईनं तिच्या बोलीत, तिला हवं तेवढंच सांगितलं असतं, तर गावानं मान फिरवली असती का? काहींनी फिरवलीही असती. पण ती आपल्याला फिरवावी लागतेय, हे तरी त्यांना कळलं असतं.

एका रात्रीत कारखाने सुधारत नाहीत, नवरे तर मुळीच नाहीत. भिंतीवरचा उजेड हा काही न्याय नव्हे. न्यायासाठी तक्रार लिहावी लागते, तारखांना जावं लागतं, १८१ या हेल्पलाइनला फोन करावा लागतो. हे सगळं हवंच. पण गावानं एकदा आपल्या बाईकडे मान वर करून बघावं, यालाही किंमत आहे. आपण तिच्याकडे नेहमी खालीच बघत आलोय.

वॉर्सामध्ये 'झाखेंता' नावाची जुनी कलादालनाची इमारत आहे. २००५ मध्ये वोदिच्कोनं तिच्या दर्शनी भागावर घरात मार खाल्लेल्या बायका उभ्या केल्या. कशा? जुन्या ग्रीक देवळांत डोक्यावर छत तोलणाऱ्या दगडी बायका असतात ना, तशा. छत डोक्यावर पेलत त्या आपली गोष्ट सांगत होत्या. हे बघून मला हसू आलं आणि रडूही. हे दाखवायला ग्रीसपर्यंत जायला नको. घराचं छप्पर कुणाच्या डोक्यावर असतं, ते आपल्याला ठाऊक आहे. ती वाकली की घर कोसळतं, आणि तरी 'घरची इज्जत' म्हणून तिनंच गप्प बसायचं!

तर माझं मागणं साधं आहे. गावातल्या महिला मंडळांनी, बचत गटांनी नगरपालिकेकडे वर्षातली एक रात्र मागावी. वीस हजार ल्युमेनची गरज नाही. शाळेतला प्रोजेक्टर आणि नुकती चुना लावलेली एखादी भिंत पुरेल. सुरुवात मारहाणीपासून नको, आपल्या कामापासून करू. विड्या वळणारे हात, पाणी भरणारे हात, पापड लाटणारे हात. जिला आवाज द्यायचा ती देईल. जिला नको, तिचे शब्द दुसरी वाचेल. तयारीला सहा महिने लागले तर लागू देत. आणि कार्यक्रमाची पत्रिका छापण्याआधी तीन गोष्टी ठरवू: ती शेवटच्या क्षणी नको म्हणाली तर आनंदानं थांबायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात कोण उभं राहणार ते नावानिशी लिहून ठेवायचं, आणि चित्रफीत तिच्याच ताब्यात द्यायची. आताच्या मोबाईलच्या दिवसांत ही शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड, म्हणून सगळ्यात आधी बोलायची. जिथं दहा जणांचे मोबाईल वर येणार तिथं चेहरा नकोच, हातच बरे.

हे लिहिण्याआधी मी त्या बाईंना भेटून आले. आता त्यांची स्वतःची खानावळ आहे, हाताखाली तिघी आहेत. मी भाचीनं पाठवलेलं त्यांना दाखवलं. हिरोशिमाचे हात त्यांनी दोनदा बघितले. मी विचारलं, "आपल्या गावात असं केलं तर? आग्रह नाही हं."

त्या हसल्या. परातीतल्या पिठाचा हात पदराला पुसत म्हणाल्या, "तोंड नको ताई. हात घ्या माझे, पोळ्या लाटताना. काय बोलायचं ते मी सांगीन. पण आत्ता नाही. धाकटीची बारावी होऊ दे."

मी डायरीत तसंच लिहून घेतलंय. बारावीला अजून दीड वर्ष आहे. तोवर नगरपालिकेकडे अर्ज करून ठेवते.